कारखान्यांच्या कडेची जिल्हा परिषद शाळा : एका पालकाचे परीक्षण

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीच्या परिसरात नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला शेजारी जे सल्ले आपणहून देतात, त्यांत पाण्याचा टँकर, गॅसची एजन्सी आणि मुलांची शाळा हे तीन विषय ठरलेले असतात. शाळेचा सल्ला मात्र बहुधा खासगी इंग्रजी शाळांपुरताच असतो; जिल्हा परिषदेच्या शाळेचे नाव निघाले, तर ‘तिथं काय, खिचडी खाऊन येतात पोरं’ एवढ्यावर विषय संपतो. माझी मुलगी याच परिसरातील एका जिल्हा परिषद शाळेत पहिलीपासून सातवीपर्यंत शिकली आणि मुलगा सध्या तिथेच तिसरीत आहे. मध्यंतरी मी शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्यही होतो, तेव्हा माझे माप थोडे शाळेच्या बाजूने झुकले असल्यास वाचकांनी ते ध्यानात घ्यावे. शाळेचे व गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण येथे जे गुण-दोष सांगतो आहे ते या पट्ट्यातील कोणत्याही वाढत्या शाळेत थोड्याफार फरकाने आढळतील.

या शाळांना समजून घ्यायचे, तर त्या कोणत्या जागी उभ्या आहेत हे आधी पाहावे लागते. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला, त्याच्यामागे सुटे भाग पुरवणारे लहान-मोठे कारखाने आले आणि रांजणगाव शेणपुंजी, जोगेश्वरी, कमळापूर, पंढरपूर, वडगाव कोल्हाटी, तीसगाव या गावांभोवती कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या. यांतली काही गावे गंगापूर तालुक्यात आणि काही छत्रपती संभाजीनगर तालुक्यात मोडतात, त्यामुळे दोन शेजारच्या शाळांचे गटशिक्षणाधिकारी वेगळे असतात. वस्ती शहराची झाली, तीन-तीन मजली चाळी झाल्या, पण महापालिकेची हद्द या गावांच्या अलीकडेच संपते आणि कारभार ग्रामपंचायतीचा व जिल्हा परिषदेचाच राहतो. म्हणजे लोकसंख्या नगराची आणि शाळा गावाची, अशी स्थिती आहे. या शाळेच्या जवळजवळ प्रत्येक अडचणीचे मूळ मला येथेच दिसते.

वर्गात बसणारी मुले कोठून आली आहेत, हे हजेरीपत्रकावरील आडनावांवरून सहज कळते. बीड, जालना, परभणी, हिंगोली व नांदेड या मराठवाड्यातील जिल्ह्यांची मुले सर्वाधिक, त्यानंतर बुलढाणा व खानदेशाकडची आणि अलीकडे बिहार व उत्तर प्रदेशातून आलेल्या कंत्राटी कामगारांची. घरी गोरमाटी बोलणारी तांड्यावरची मुले, अहिराणी बोलणारी, दखनी उर्दू बोलणारी आणि भोजपुरी बोलणारी मुले एकाच सतरंजीवर बसतात. उर्दू माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळा स्वतंत्र आहेत, पण घराजवळची म्हणून मराठी शाळेत नाव घालणारी मुस्लीम कुटुंबेही कमी नाहीत. २०२५ च्या एप्रिल व जून महिन्यांत पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी आणणारे शासन आदेश निघाले आणि २९ जूनला ते मागे घेतले गेले, तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. आमच्या शाळेतील पहिलीच्या वर्गात त्या दिवसांतही मधल्या सुट्टीत चार भाषा चालू होत्या, आणि त्यांतली कोणती कितवी हे ठरवायला कोणाला सवड नव्हती.

प्रवेश ही या शाळेची सर्वांत चांगली सेवा आहे आणि तिच्याविषयी मी हातचे राखून न ठेवता चांगले लिहू शकतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानुसार शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला किंवा वयाचा पुरावा नाही, या कारणांवरून मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. कायदा सर्वांनाच माहीत असतो. तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर कसा वागतो, हे पाहण्यासारखे आहे. सोयाबीन निघाले, कापसाची वेचणी आटोपत आली की दिवाळीनंतर गावाकडून कुटुंबे कंपनीच्या कामाला येऊ लागतात. अशाच एका सकाळी मी समितीच्या कामासाठी कार्यालयात बसलेलो असताना परभणीकडचे एक गृहस्थ नऊ-दहा वर्षांच्या मुलाला घेऊन आले. दारातच चपला काढून म्हणाले, ‘सर, दाखला गावाकडंच ऱ्हायलाय, अन् आधार कार्डावर नाव चुकलंय पोराचं.’ मुख्याध्यापकांनी मुलाला जवळ बोलावले, खिशातला पेन त्याच्या हातात दिला आणि स्वतःचे नाव लिहायला सांगितले. त्याने नाव लिहिले, पण आडनावापाशी अडला. ‘ऱ्हाऊ द्या दाखला, आम्ही मागवून घेऊ. दादा, पोराला उद्याच्यालाच पाठवा, ताट-वाटी बरोबर द्या,’ एवढे सांगून त्यांनी वयानुसार चौथीत नाव घातले आणि त्याला वाचनासाठी काही दिवस रोज तासभर दुसरीच्या गटात बसवायचे ठरवले. वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण अशी तरतूद कायद्यातही आहे. शुल्क, देणगी, मुलाखत, ‘जागा भरल्या’ यांपैकी काहीही तेथे घडले नाही. या परिसरातील अन्य कोणतीही शाळा नोव्हेंबरमध्ये असा दरवाजा उघडते, असे मी पाहिलेले नाही.

परंतु हाच उघडा दरवाजा शाळेला महाग पडतो. शाळेला शिक्षकांची किती पदे मिळणार हे दरवर्षीच्या संचमान्यतेत ठरते आणि त्यासाठी ३० सप्टेंबरची पटसंख्या धरली जाते. शिवाय अलीकडे आधार पडताळणी झालेलेच विद्यार्थी त्यासाठी गृहीत धरले जातात. आता वर सांगितलेल्या मुलाचा विचार करा. तो दिवाळीनंतर आला, म्हणून यंदाच्या पटात नाही. आधार कार्डावर नाव चुकले आहे, ते दुरुस्त होईपर्यंत पुढल्या वर्षीही तो मोजला जाईलच असे नाही. आणि वडिलांचे कंत्राट संपून कुटुंब पुन्हा दुसरीकडे गेले, तर शाळेने त्याला शिकवले याची शिक्षकांच्या संख्येत कुठेच खूण उरणार नाही. शाळेत बसलेली मुले आणि कागदावरची मुले यांत डिसेंबर ते मार्च या काळात जी तफावत पडते, ती पालकांना दाटीवाटीच्या रूपाने दिसते. माझा मुलगा पहिलीत असताना एका बाईंकडे साठीच्या आसपास मुले होती, आणि त्या बाई रजेवर गेल्या की शेजारच्या वर्गाचे सर दोन्ही वर्गांच्या मधल्या दारात उभे राहून पाढे म्हणवून घेत.

कायद्याच्या परिशिष्टातील प्रमाणही येथे फारसे मदतीला येत नाही. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, २०० पर्यंत पाच आणि १५० च्या वर एक मुख्याध्यापक, असे ते प्रमाण आहे. म्हणजे सर्वसाधारणपणे ३० मुलांमागे एक शिक्षक. मात्र पट २०० च्या वर गेला, की शिक्षकामागे मुले ४० पेक्षा जास्त नसावीत एवढीच अट उरते. तांड्यावरच्या वीस मुलांच्या शाळेला जो दिलासा मिळतो तो वाढत्या उपनगराच्या शाळेला मिळत नाही, हे मला समितीवर येईपर्यंत कुणी सांगितले नव्हते. त्यात शासनाच्या ‘पवित्र’ या संकेतस्थळावरची शिक्षकभरती सावकाश चालते, जिल्हांतर्गत बदल्या होतात आणि मतदार यादीच्या कामाला शिक्षक जातात. जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकांना देऊ नये असे कायदा म्हणतो, पण ऑनलाइन माहिती भरणे हे त्या यादीत बसत नाही आणि त्यातच सर्वाधिक वेळ जातो. एका मॅडमना मी मधल्या सुट्टीत मोबाईलवर एकेका मुलाच्या आईचे नाव इंग्रजीत टंकताना पाहिले आहे, आणि समोर तीन मुली वही तपासून घेण्यासाठी रांगेत उभ्या होत्या.

इतके असूनही पहिली ते तिसरीचे शिकवणे मला या शाळेची दुसरी मोठी जमेची बाजू वाटते. केंद्र शासनाच्या २०२१ च्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट असे आहे, की २०२६-२७ पर्यंत तिसरी संपताना प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि मूलभूत गणित यावे. अशा उद्दिष्टांचे फलक प्रत्येक भिंतीवर असतात, त्यामुळे त्यांच्यावर मी विसंबत नाही. पण आमच्या शाळेत त्यासाठी जे केले जाते ते खरोखरीचे आहे. वर्गशिक्षिका ठरावीक दिवसांनी प्रत्येक मुलाला स्वतंत्रपणे टेबलापाशी बोलावतात आणि समोर एक कागद ठेवतात, ज्यावर आधी सुटी अक्षरे, मग शब्द, मग चार ओळींचा परिच्छेद आणि शेवटी छोटी गोष्ट असते. मूल जिथे अडेल तिथे वहीत खूण होते, आणि दिवसातला एक तास वर्ग मोडून त्या खुणांनुसार गट बसतात. त्या तासाला चौथीचा मुलगा आणि दुसरीतली मुलगी शेजारी बसून एकच गोष्ट वाचतात, आणि त्याचे कुणाला काही वाटत नाही. मी पाहिले त्या दिवशी भोजपुरी बोलणाऱ्या घरातील एक मुलगी ओळीखाली बोट सरकवत वाचत होती आणि प्रत्येक ‘ळ’चा ‘ल’ करत होती. बाईंनी तिला एकदाही थांबवले नाही. परिच्छेद संपल्यावर ‘गोष्टीत बाळ का रडलं?’ एवढेच विचारले, तिने अर्धे हिंदीत आणि अर्धे मराठीत बरोबर उत्तर दिले, आणि नंतर श्रुतलेखनात मात्र बाईंनी तोच ‘ळ’ तिच्याकडून पुन्हा पुन्हा गिरवून घेतला. शिकवण्यातली ही समज पैसे भरून मिळतेच असे नाही. शेजारच्या खासगी शाळेतील पहिलीची मुले इंग्रजी कविता हातवारे करून म्हणतात हे खरे, पण त्यांना पुस्तकाचे भलतेच पान उघडून दिले तर त्यांतली किती वाचतील, हे त्यांच्या पालकांनी घरी एकदा करून पाहावे.

सहावीपासून पुढचे चित्र तितके समाधानकारक नाही. सहावी ते आठवीसाठी भाषा, सामाजिक शास्त्रे आणि गणित-विज्ञान यांचा किमान एकेक शिक्षक असावा आणि प्रमाण ३५ मुलांमागे एक असावे, असे कायदा सांगतो. माझी मुलगी सहावीत असताना गणित-विज्ञानाचे पद बराच काळ रिकामे राहिले आणि तो तास भाषेच्या सरांनी सांभाळला. सर मनापासून शिकवत, पण अपूर्णांकांच्या पुढे वर्ग फारसा सरकला नाही आणि ती उणीव आम्हाला शिकवणी लावून भरून काढावी लागली. फाटकावर ‘सेमी इंग्रजी’ असे ठळक लिहिलेले असते आणि त्या दोन शब्दांमुळे पट टिकतो, हे मान्य केले पाहिजे. गणित व विज्ञान इंग्रजीतून ही कल्पना वाईट नाही. मात्र ती त्या विषयाच्या शिक्षकावर सर्वस्वी अवलंबून असते. म्हणून फलक पाहून नव्हे, तर वरच्या वर्गातील एखाद्या मुलाची गणिताची वही मागून पाहून निर्णय घ्यावा. वहीत उदाहरणांची रीत असेल तर वर्ग चालू आहे, आणि नुसती फळ्यावरून उतरवलेली उत्तरे असतील तर मुख्याध्यापकांना विषयशिक्षक आहेत का असे सरळ विचारावे.

शालेय पोषण आहाराची टिंगल करणाऱ्यांनी तो एकदा पंगतीत बसून खावा. आता पीएम पोषण या नावाने चालणाऱ्या या योजनेत प्राथमिक वर्गांना रोज १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने आणि उच्च प्राथमिक वर्गांना १५० ग्रॅम तांदूळ, ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने हे प्रमाण ठरलेले आहे. वाटपाआधी शिक्षकाने किंवा पालकाने चव घेऊन नोंदवहीत सही करायची असते. समितीवर असताना ती सही मी अनेकदा केली आहे, आणि मटकीची उसळ व भात हा पदार्थ आमच्या घरच्यापेक्षा चांगला होता हे आमच्या सौभाग्यवतींच्या समक्षही सांगायची माझी तयारी आहे. ज्या मुलांचे आई-वडील दोघेही फर्स्ट शिफ्टला जातात, त्यांचे दिवसातले पहिले गरम अन्न हेच असते. तक्रार आहे ती सातत्याची. डाळ-कडधान्याचा पुरवठा लांबला, की वेळापत्रकातले वैविध्य कागदावर राहते आणि आठवडाभर पिवळा भात चालतो. नोव्हेंबर २०२३ पासून आठवड्याला एक अंडे, आणि न खाणाऱ्यांना केळे, असा चांगला निर्णय झाला होता. अंड्याच्या दिवशी हजेरी वाढलेली डोळ्यांनी दिसत होती. जानेवारी २०२५ मध्ये शासनाने त्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून करा असे सांगितले. ज्या वस्तीत लोक स्वतःच कंत्राटावर आहेत तेथे लोकसहभाग कुठून आणायचा, हे त्या आदेशात नव्हते. पहाटेपासून राबणाऱ्या स्वयंपाकी मावशींचे मानधन २०२३ मध्ये महिन्याला १५०० वरून २५०० रुपये झाले. कंपनीत हेल्पर म्हणून गेल्या असत्या, तर एवढी रक्कम त्यांना काही दिवसांतच मिळाली असती.

पाठ्यपुस्तके मोफत मिळतात आणि बहुतेक पहिल्याच दिवशी हातात पडतात, त्यामुळे त्यावर अधिक लिहिण्याची गरज नाही. गणवेशाचा मात्र २०२४-२५ मध्ये राज्यभर घोळ झाला; कापड वरून घेऊन शिलाई बचत गटांकडे देण्याच्या प्रयोगात अनेक ठिकाणी उशीर झाला आणि मापे चुकली. पुढल्या वर्षापासून ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आले, ते योग्यच झाले, कारण तिसरीतले मूल किती उंच असते हे गावातल्या शिंप्याला मंत्रालयापेक्षा जास्त ठाऊक असते.

स्पर्धा परीक्षांच्या बाबतीत या शाळेचे जे मोल आहे, ते पालकांना बहुधा माहीत नसते. आठवीत होणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झाल्यास नववी ते बारावी वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असावे लागते आणि मूल शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असावे लागते. विनाअनुदानित खासगी शाळेत ओढाताण करून शुल्क भरणाऱ्या कामगाराच्या मुलाला ही परीक्षा देताच येत नाही. कन्नडच्या जवाहर नवोदय या निवासी विद्यालयाची प्रवेशपरीक्षा पाचवीत असते, आणि आमच्या शाळेतील एक सर त्यासाठी शाळा भरण्याआधी जादा तास घेतात, त्याचे एक रुपयाही घेत नाहीत. येथे एक बारकावा सांगणे आवश्यक आहे. नवोदयमध्ये किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात आणि त्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी ग्रामीण शाळेत झालेली असावी लागते. आपल्या गावाला ग्रामपंचायत आहे, म्हणजे आपण ग्रामीण, असे गृहीत धरू नका. लोकसंख्या ५ हजारांवर, घनता चौरस किलोमीटरला ४०० किंवा अधिक आणि कामकरी पुरुषांपैकी ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात असले, तर ग्रामपंचायत असलेले गावही जनगणनेत नगर म्हणून नोंदले जाते, आणि कारखान्यांच्या कडेची गावे नेमकी तशीच आहेत. २०११ च्या जनगणनेत आपल्या गावाची नोंद कशी आहे ते पाहूनच अर्ज भरावा. वर्गखोल्या मागताना गाव आणि नवोदयला बसताना शहर, ही या पट्ट्याची खास कमाई म्हणायची.

भौतिक सुविधांचे मूल्यमापन थोडक्यात उरकता येईल. इमारत बरी आहे, काही खोल्या कारखान्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून झाल्या आहेत आणि त्यांच्यावर खोलीपेक्षा पाटी मोठी आहे. खोल्या पुरत नाहीत, म्हणून शाळा दोन पाळ्यांत भरते; कंपनीत शिफ्ट असलेल्या घरांना ते काही वेळा सोयीचे पडते, पण सकाळच्या पाळीतली लहान मुले दुपारी घरी येतात तेव्हा घराला कुलूप असते. डिजिटल वर्गातला मोठा टीव्ही आहे आणि वीजबिल भरलेले असेल तेव्हा तो चालतो. मुलींची स्वच्छतागृहे स्वतंत्र आहेत. एप्रिलमध्ये पाण्याची टाकी कोरडी पडली की ती बंद होतात, आणि सातवीतली मुलगी त्या दिवशी शाळेत येत नाही, याची नोंद मात्र ‘गैरहजर’ एवढीच होते. समितीने टँकरचा विषय मांडला, तेव्हा ग्रामपंचायतीने जिल्हा परिषदेकडे बोट दाखवले. मुख्य रस्त्यावरून कंटेनर जातात. शाळा सुटताना तेथे माणूस उभा असावा, ही मागणी मी लेखी देऊनही अजून पालकच आळीपाळीने उभे राहतात. दिव्यांग मुलांसाठी फिरते विशेष शिक्षक येतात, ते चांगले काम करतात, पण त्यांच्याकडे शाळाच इतक्या आहेत की एका मुलाच्या वाट्याला त्यांचा वेळ फार थोडा येतो.

खासगी शाळांशी तुलना टाळता येत नाही. तेथील बस, टाय आणि इंग्रजी डायरी यांचे आकर्षण मलाही समजते. शिक्षण हक्क कायद्याने दुर्बल व वंचित घटकांसाठी राखलेल्या २५ टक्के मोफत जागांतून तेथे प्रवेश मिळाला तर तो अवश्य घ्यावा, असेच मी शेजाऱ्यांना सांगतो. शासकीय वा अनुदानित शाळेच्या एक किलोमीटर परिसरातील खासगी शाळांना या जागांतून सूट देणारा बदल राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केला होता. तो टिकला असता तर आमच्या परिसरातील जवळपास प्रत्येक खासगी शाळा सुटली असती, कारण जिल्हा परिषदेची शाळा गावोगाव आहेच. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द केला. पण पदरचे पैसे मोडून, ओव्हरटाइम करून पहिलीपासून शुल्क भरायचे आणि पाचवीत ते झेपेनासे झाले की मुलाला मराठी शाळेत आणून बसवायचे, हा क्रम मी इतक्या घरांत पाहिला आहे, की सुरुवातच उलटी करावी असे माझे मत बनले आहे. पहिली ते पाचवी निर्धास्तपणे येथे घालावे, वाचलेले पैसे सहावीपासून लागतील तेथे लावावेत.

प्रयोगशीलतेविषयीही एक शब्द लिहिला पाहिजे. याच जिल्ह्यातील गाडीवाट येथील जिल्हा परिषद शाळेची मुले जपानी भाषा शिकत असल्याची बातमी २०२० मध्ये देशभर गाजली होती, आणि ते गाव कारखान्यांच्या पैशावर उभे नाही. म्हणजे व्यवस्थेत हे बसते. ज्या शाळेत शिक्षक चार वर्षे टिकतात आणि वर्गात तीस-पस्तीस मुले असतात, तेथे ते उगवते. आमच्या शाळेत दर्जेदार शिक्षक नाहीत असे नसून, त्यांच्यापुढे मुले फार आहेत.

प्रवेशासाठी जाणाऱ्यांनी एप्रिलमधील शाळापूर्व तयारी मेळावा चुकवू नये. पहिलीत येणारे मूल तेथे एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाते, उड्या मारते, मणी ओवते, चित्राविषयी बोलते, आणि ते काय करू शकते हे पालकाला समोर दिसते. पुढे घरी काय करून घ्यावे हेही सांगितले जाते. मुलाचे आधार कार्ड जन्मदाखल्याशी जुळवून ठेवावे, म्हणजे ते पटात मोजले जाईल आणि शाळेच्या शिक्षकसंख्येत भर पडेल. मुख्याध्यापकांना भेटायचे असेल तर परिपाठ संपल्यावर लगेच जावे, नंतर ते कुठल्या तरी वर्गावर असतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. सभेला मात्र कामगार पालक येत नाहीत, कारण सभा कामाच्या वेळेत असते. ती रविवारी घ्या, अशी मागणी करता येते आणि आमच्याकडे ती मान्यही झाली.

सातवी किंवा आठवीनंतर कुठे, हा विचार मात्र आधीच करून ठेवावा. मराठवाड्यातील जिल्हा परिषदांकडे हैदराबाद संस्थानाच्या काळापासून चालत आलेल्या दहावीपर्यंतच्या प्रशाला आहेत. राज्याच्या इतर भागांत जिल्हा परिषदेचे हायस्कूल इतके सर्रास आढळत नाही. त्यांत अनुभवी विषयशिक्षक आणि मोठी मैदाने आहेत, काहींच्या निजामकालीन इमारती दुरुस्तीला आल्या आहेत. माझी मुलगी अशाच एका प्रशालेत जाते आणि गणिताची घडी तेथे बसली. निकाल १ मे रोजी लागतो आणि दाखला त्यानंतर मिळतो, पण सेमीच्या तुकड्यांसाठी चौकशी मार्चपासूनच सुरू झालेली असते, म्हणून दुसऱ्या सत्रातच जाऊन नाव नोंदवून यावे.